आडवाटांवरून लांब पल्ल्याची मोटारसायकल सफर : आखणी कशी करावी?

रानवाट

नमस्कार. येत्या कोरड्या हंगामात मी आणि माझा एक मित्र दोन मोटारसायकलींवरून सुमारे तीन हजार किलोमीटरची सफर करण्याच्या विचारात आहोत. त्यातले साधारण दोन हजार किलोमीटर कच्चे आहेत. त्यात खडीचे रस्ते, जंगलातल्या लाकूडवाहतुकीच्या वाटा, पठारावरचे मातीचे रस्ते आणि मधूनमधून ओढ्यांचे उतार येतात. उरलेला हजारेक किलोमीटरचा भाग डांबरी आडरस्त्यांचा आहे. महामार्ग आम्ही मुद्दामच टाळणार आहोत. हाताशी तीन आठवडे आहेत.

दोन्ही गाड्या एका सिलिंडरच्या, हलक्या ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबर आणि माती दोन्हींवर चालणाऱ्या, जातीच्या आहेत. पुढचे चाक २१ इंची, मागचे १८ इंची, दोन्ही तारांची आणि ट्यूबची. माझ्या गाडीची टाकी १३ लिटरची आहे आणि मित्राची ११ लिटरची. रोजच्या वापरात दोन्ही गाड्या लिटरला ३२ किलोमीटरच्या आसपास जातात. दोघांनाही एका दिवसाच्या कच्च्या फेऱ्यांचा चांगला सराव आहे. मात्र सामान लादून, दिवसामागून दिवस अशा रस्त्यांवर राहण्याचा अनुभव नाही.

कागदावर रोजचे अडीचशे किलोमीटर धरले, तर बारा दिवसांत वाट संपते आणि नऊ दिवस हाती उरतात. हे उत्तर फारच सोपे येते आहे, म्हणूनच मनात शंका आहे. रोजचे अंतर कशावरून ठरवावे, नकाशावरची रेघ प्रत्यक्षात जाण्याजोगी आहे की नाही हे घरबसल्या कितपत तपासता येते, टायर कोणते घ्यावेत आणि सोबत किती हत्यारे न्यावीत, याविषयी ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. सल्ला कडक असला तरी चालेल.

मैलकुली

आपली शंका रास्त आहे. कच्च्या रस्त्यावर अंतर हे मोजमाप म्हणून जवळपास निरुपयोगी ठरते; तिथे तास मोजावे लागतात. सामान लादलेली हलकी गाडी चांगल्या खडीच्या रस्त्यावर, थांबे धरून, तासाला ३० किलोमीटरच्या आसपास सरासरी देते. तोच रस्ता घाटात शिरून दगडगोट्यांचा झाला की सरासरी १५ वर येते, आणि खोल वाळूत किंवा चिखलात तासाला पाच किलोमीटरही जड जातात. सकाळी सातला निघून दुपारी चारला थांबायचे असे धरले, तर हातात नऊ तास येतात. जेवण, पेट्रोल, नकाशा पाहणे, फाटक उघडणे, चेनला तेल देणे यांत दोन तास सहज जातात. म्हणजे खरे सात तास. म्हणून कच्च्या भागासाठी दिवसाला दीडशे किलोमीटर आणि डांबरी आडरस्त्यांसाठी तीनशे, यापेक्षा जास्त धरू नका.

आता हाच हिशेब आपल्या वाटेला लावून पाहा. दोन हजार कच्च्या किलोमीटरांना जवळजवळ चौदा दिवस लागतील आणि हजार डांबरी किलोमीटरांना चार. दर पाच-सहा दिवसांनी एक पूर्ण विश्रांतीचा दिवस घेतला, की तीन आठवडे काठोकाठ भरतात आणि गाडी बिघडली, पाऊस आला किंवा पूल वाहून गेलेला निघाला, तर त्यासाठी एकही दिवस शिल्लक राहत नाही. माझा स्पष्ट सल्ला असा, की कच्च्या भागातले तीनशे किलोमीटर आत्ताच, घरी बसून कापावेत. वाटेत ऐनवेळी कापाकापी करायची म्हटली, तर तिथे दोघेही दमलेले असतात, संध्याकाळ होत आलेली असते, आणि अशा वेळी मन नेहमी ‘अजून थोडे पुढे जाऊ’ असेच म्हणते. कापलेला भाग सोडून द्यायचा नाही. तो वेगळ्या रंगात नकाशावर ठेवायचा. दिवस उरले तर तो करता येतो.

चारला थांबण्याचा आग्रह काहींना जाचक वाटेल. परंतु तिरपे ऊन डोळ्यांवर येऊ लागले, की खड्ड्यांच्या सावल्या लांबतात आणि खडीची खोली कळेनाशी होते. त्यात दिवसभर उभे राहून गाडी चालवल्याने मांड्या आणि हाताचे पंजे थकलेले असतात. पंक्चर झालेच, तर उजेड असताना दुरुस्त करायला दोन-तीन तास हाताशी राहतात, हा त्यातला सगळ्यात मोठा फायदा.

नकाशाच्या तपासणीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण घरी बसून सर्वांत जास्त काम इथेच होते. २००४ साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून घडवलेला नकाशा कच्च्या वाटांसाठी फार उपयोगी आहे. त्यात पुष्कळ ठिकाणी रस्त्याचा पृष्ठभाग नोंदवलेला असतो, आणि शेतातल्या-जंगलातल्या वाटांना कठीणपणानुसार ग्रेड १ ते ग्रेड ५ अशी प्रत दिलेली असते. ग्रेड १ म्हणजे टणक, बांधीव वाट. ग्रेड ५ म्हणजे मऊ माती किंवा गवतातला चाकांचा माग. ओढ्याचा उतार असेल तर तीही खूण असते. ही माहिती स्वयंसेवकांनी भरलेली असल्याने ती सगळीकडे सारखी भरवशाची नसते. म्हणून तिच्यावर उपग्रहाच्या छायाचित्राची ताडणी करावी. छायाचित्रात तीन गोष्टी बघाव्यात. पहिली, वाटेचा रंग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उजळ आहे का, म्हणजे ती वापरात आहे का. दुसरी, नदी जिथे ओलांडायची तिथे पूल आहे की नुसत्या दोन्ही काठांवर येऊन थांबलेल्या रेघा आहेत. तिसरी, आणि ही बहुतेकजण विसरतात, छायाचित्र कोणत्या तारखेचे आहे. उन्हाळ्यातल्या चित्रात कोरडे दिसणारे पात्र इतर महिन्यांत कमरेइतके भरलेले असू शकते.

दुसऱ्या कुणी तयार केलेली फाइल वापरणार असाल, तर ट्रॅक आणि रूट यांतला फरक ध्यानात ठेवा. जीपीएक्स, म्हणजे वाटा साठवण्याच्या, फाइलीतला ट्रॅक म्हणजे ठरावीक बिंदूंची जोडलेली माळ. ती कोणत्याही यंत्रावर तशीच दिसते. रूटमध्ये मोजकेच टप्पे दिलेले असतात आणि त्यांच्यामधली वाट प्रत्येक यंत्र आपल्या नकाशाप्रमाणे आणि आपल्या मर्जीने पुन्हा काढते. त्यामुळे दोन मित्रांकडे एकच रूट असूनही यंत्रे त्यांना दोन वेगळ्या रस्त्यांवर घालू शकतात. दोघांनी ट्रॅकच वापरावा आणि तो दोन स्वतंत्र उपकरणांत, नेटवर्कशिवाय उघडणाऱ्या नकाशासह, आधी भरून ठेवावा.

युरोपातील ट्रान्स युरो ट्रेल किंवा अमेरिकेतील बॅककंट्री डिस्कव्हरी रूट्स या मोटारसायकलींसाठी आखलेल्या कच्च्या वाटांचे ट्रॅक विनामूल्य मिळतात. तुमची सफर तिथली नसली तरी ते उघडून जरूर अभ्यासावेत. त्यात सफरीचे भाग कसे पाडले आहेत, अवघड तुकड्याला सोपा पर्याय कुठून काढला आहे, हे पाहिले की आपली आखणी कशी असावी याचा अंदाज येतो. आपल्याही प्रत्येक दिवसाच्या रेघेवर, दर ५०-६० किलोमीटरांवर, डांबरी रस्त्यावर उतरायची एक वाट आधीच खूण करून ठेवा. ती सापडत नसेल, तर तो तुकडा सकाळी घ्यायचा, दुपारनंतर नाही.

आणि एक. नकाशावर वाट दिसते म्हणजे तिच्यावरून जाण्याचा हक्क मिळतो असे नाही. खासगी जमीन, राखीव जंगल, प्राण्यांच्या प्रजननाच्या काळात बंद होणाऱ्या वाटा यांची चौकशी आधी करावी. फाटक जसे आढळले तसेच, म्हणजे उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद, ठेवून पुढे जावे.

पानापक्कड

मैलकुली यांनी वाटेचे सांगितले, मी चाकांचे सांगतो. ट्यूबची चाके आहेत म्हणजे पंक्चर काढता येणे ही या सफरीची पूर्वअट आहे. दोघांनीही, घराच्या अंगणात, सफरीला जी हत्यारे नेणार तेवढीच वापरून, पुढचे आणि मागचे चाक काढून, ट्यूब बाहेर घेऊन, परत बसवून दाखवायचे. गॅरेजमधला स्टँड नाही, कॉम्प्रेसर नाही. ज्या हत्याराची तिथे उणीव भासेल ते पिशवीत घालायचे, जे हाताळलेच गेले नाही त्याचा पुन्हा विचार करायचा. कोणत्याही तयार यादीपेक्षा ही एक दुपार जास्त शिकवते.

टायर काढताना माणसे बळ लावतात आणि तिथेच फसतात. रिमच्या मधोमध एक खोलगट खाच असते. टायरची कड, म्हणजे बीड, एका बाजूने लिव्हरने, म्हणजे टायर काढायच्या पट्टीने, उचलत असताना समोरच्या बाजूची कड त्या खाचेत गुडघ्याने दाबून बसवलेली असली पाहिजे. ती तिथे उतरली की उचलण्याच्या बाजूला पुरेशी ढील मिळते आणि बेताच्या लिव्हरनेही काम होते. ती वर रिमच्या काठावर राहिली तर टायरची तार ताणलेली राहते आणि मग लिव्हर वाकतात, ट्यूब चिमटते, हात सोलतात. परत बसवतानाही हाच नियम. शेवटचा तळहाताएवढा भाग राहतो तेव्हा जोर न लावता थांबावे, समोरची कड पुन्हा खाचेत दाबावी आणि मगच लिव्हर घालावा. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरून तिला गोलवा आणावा, म्हणजे ती लिव्हरच्या खाली येत नाही.

ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोटे फिरवून काटा, खिळा, तार शोधावी. सावकाश फिरवावीत, कारण जे ट्यूबला टोचले ते बोटालाही टोचेल. कारण न शोधता नवी ट्यूब घातली, तर थोड्याच अंतरावर तीही बसते. ठिगळ लावायचे असेल तर सोल्यूशन लावल्यावर लगेच ठिगळ चिकटवू नका. त्याची ओली चमक जाऊन ते बोटाला जेमतेम चिकटेल इतके सुकू द्या. घाईने लावलेले ठिगळ उन्हात तापलेल्या टायरात सुटते.

दोघांत मिळून २१ इंची नव्या ट्यूबा दोन आणि १८ इंची एक, अशा ठेवाव्यात. अडचणीच्या वेळी २१ इंची ट्यूब मागच्या १८ इंची चाकात घालून, सावकाश चालवत, गाव गाठता येते. उलट मात्र जमत नाही. नव्या ट्यूबा खोक्यातून काढून, हवा भरून, रात्रभर ठेवून तपासाव्यात आणि मग टाल्कम पावडर लावून, जाड कापडात गुंडाळून ठेवाव्यात. नुसत्या हत्यारांच्या पिशवीत टाकल्या तर पान्याच्या कडांनी घासून त्यांना तिथेच भोके पडतात.

टायरांचे म्हणाल, तर आपल्या वाटेचा एक तृतीयांश भाग डांबरी आहे. पूर्ण ऑफरोडचा मऊ नॉबी, म्हणजे मोठ्या ठोकळ्यांचा, टायर मागे लावला, तर डांबरावर आणि सामानाच्या वजनाखाली त्याचे ठोकळे भराभर झिजतात आणि शेवटच्या आठवड्यात, जेव्हा तुम्ही थकलेले असाल, तेव्हाच पकड कमी झालेली असेल. पुढे चांगला नॉबी आणि मागे माती-डांबर दोन्हींसाठी बनवलेला जरा कठीण टायर, ही जोडी मला योग्य वाटते. पुढच्या चाकाची पकड सुटली तर सावरायला वेळ मिळत नाही, मागचे चाक सरकले तर बहुधा मिळतो. टायर निघण्याच्या आदल्या दिवशी बदलू नयेत. काही दिवस आधी बदलून शे-दोनशे किलोमीटर चालवून घ्यावेत, म्हणजे बसवण्यातली चूक घराजवळ कळते.

हवेचा दाब गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तो डांबरासाठी आणि भरलेल्या सामानासाठी पाळावा. कच्च्यावर तो उतरवल्याने टायर जमिनीला जास्त टेकतो आणि दगडांचे हिसके कमी बसतात. परंतु ट्यूबच्या चाकात, सामानासकट, २२-२४ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे एकक) खाली जाताना विचार करावा. दाब फार कमी असताना दगडावर चाक आपटले, की रिमची कड आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चेंगरते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. डांबरावर परत आल्यावर हवा भरायची, हे ओघाने आलेच. म्हणून गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि तो बंद पडल्यास हातपंप, असे दोन्ही न्यावे. दाबमापक घरून न्यावा, कारण अंगठ्याने टायर दाबून पीएसआय कळत नाही.

बाकी सुटे भाग थोडक्यात सांगतो. क्लचची केबल जुन्या केबलशेजारीच, टोके बंद करून, बांधून ठेवावी. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, चेनची जोडकडी, फ्यूज, तारेचे वेढे, धातूतल्या चिरा-भोके बुजवणारे दोन भागांचे इपॉक्सी आणि भरपूर केबल टाय. गाडीला लागतील तेवढ्याच मापांचे पाने; पूर्ण संच नको. चेनची ढील गाडीवर सामान आणि स्वार दोन्ही असताना तपासावी, कारण लांब सस्पेन्शनच्या गाडीत वजन पडल्यावर चेन ताणली जाते आणि रिकाम्या गाडीवर ठीक वाटणारी चेन तेव्हा घट्ट होते. धुळीत एअर फिल्टर लवकर भरतो. फोमचा असेल तर तेल लावून तयार केलेला एक जादा फिल्टर पिशवीत बंद करून न्यावा.

वाटाड्या

सामानाविषयी एकच मुद्दा मांडतो. गाडीच्या पुस्तिकेत जास्तीत जास्त भार दिलेला असतो आणि त्यात स्वाराचे वजन धरलेले असते. हलक्या ड्युअल-स्पोर्ट गाडीत स्वार, त्याचे हेल्मेट, बूट आणि संरक्षक कपडे वजा केले की सामानासाठी फार थोडे उरते. त्यामुळे धातूच्या पेट्या या गाड्यांना शोभत नाहीत. त्यांचे स्वतःचेच वजन जास्त असते, आणि घसरलेल्या गाडीत पाय पेटीखाली अडकून घोटा किंवा नडगी मोडण्याचा धोका असतो. कापडी सॅडलबॅगा घ्याव्यात, जड वस्तू खाली आणि पुढे, सीटला लागून ठेवाव्यात, आणि शेपटीवर फक्त झोपण्याची पिशवी बांधावी. मागे उंचावर ठेवलेले पाच किलो पुढचे चाक हलके करतात आणि वाळूत हँडल भरकटू लागते. सामान बांधून झाले की मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीच दिलेला ताण, वाढवावा. रिकाम्या गाडीचे सेटिंग ठेवून भरलेली गाडी चालवली तर मागची बाजू दबते, हेडलाइट आकाशाकडे जातो आणि वळणावर गाडी रुंद सुटते.

रानवाट

सर्वांचे मनापासून आभार. तीनशे किलोमीटरचा एक वळसा आजच बाजूला काढला आणि तो वेगळ्या रंगात ठेवला आहे. वाट पुन्हा पाहताना एक अडचण लक्षात आली. पठारावरच्या एका तुकड्यात दोन पेट्रोल पंपांमध्ये २३० किलोमीटरचे अंतर आहे आणि त्यात दीडशेव्या किलोमीटरवर एक नदी ओलांडायची आहे, जिथे छायाचित्रात पूल दिसत नाही. मित्राच्या ११ लिटरच्या टाकीला ३२ च्या हिशेबाने साडेतीनशे किलोमीटर मिळतात, म्हणजे पुरेसे पेट्रोल आहे असे आम्ही समजत होतो. ते बरोबर आहे का? दुसरे असे, की आम्ही दोघेच असल्याने एकाला दुखापत झाली तर काय, याची तयारी किती आणि कशी करावी?

मैलकुली

पेट्रोलचा हिशेब पुढे जाण्याचा मांडू नये, परत येण्याचा मांडावा. नदीला पाणी जास्त निघाले, तर दीडशे किलोमीटर जाऊन दीडशे परत, म्हणजे ३०० किलोमीटरचे पेट्रोल लागेल. सामानासह, खालच्या गिअरमध्ये, कच्च्यावर ३२ मिळणार नाहीत, २५ धरा. ३०० भागिले २५ म्हणजे १२ लिटर. मित्राची ११ लिटरची टाकी इथेच अपुरी पडते. तुमची १३ लिटरची टाकी ३२५ किलोमीटर देते, म्हणजे फक्त २५ किलोमीटरची सवड. ती एका चुकीच्या फाट्यात संपते, आणि टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल तसेही इंजिनापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून मित्राच्या गाडीवर ४ लिटर आणि तुमच्या गाडीवर २ लिटर जादा न्यावे. प्रत्येकाकडे १५ लिटर होतात, त्यातून ३७५ किलोमीटर, म्हणजे परतीच्या हिशेबावर ७५ किलोमीटरची सवड. लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते, तेव्हा चार लिटरचा भार तीन किलोचा. तो फक्त त्याच तुकड्यापुरता वाहायचा आणि टाकीत जागा होताच ओतून टाकायचा. पेट्रोलसाठीच बनवलेला डबा किंवा पिशवी घ्यावी, पाण्याची बाटली वापरू नये. डबा गळ्यापर्यंत भरू नये, कारण उन्हात पेट्रोल प्रसरण पावते. तो सायलेन्सरपासून लांब बांधावा.

लिटरला २५ हा माझा अंदाज आहे. तुमच्या गाड्यांचा खरा आकडा तुम्हीच काढा. निघण्याआधी पूर्ण सामान बांधून एक रात्र बाहेर राहण्याची फेरी कच्च्या रस्त्यावर करा, टाकी भरून निघा आणि परत आल्यावर पुन्हा भरून मोजा. त्या एका फेरीत सामानाची बांधणी, चेनची ढील आणि सस्पेन्शन यांचीही परीक्षा होते. उंचीवर जाणार असाल तर हेही ध्यानात असू द्या, की दर हजार मीटरला इंजिनाची ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत मिश्रण आपोआप सुधारते, पण विरळ हवेतली घटलेली ताकद परत येत नाही. चढावर सामानासह गाडी दमत असेल, तर चेनचे पुढचे १५ दातांचे स्प्रॉकेट (दातेरी चक्र) बदलून १४ दातांचे लावल्याने सात टक्के ओढ वाढते आणि खडकाळ चढावर क्लच घसरवत राहावे लागत नाही. डांबरावर इंजिन थोडे जास्त फिरेल; तुमच्या वाटेला ते परवडेल.

वाटाड्या

दुखापतीबद्दल मला पोटतिडकीने लिहावेसे वाटते, कारण गाडीच्या सुट्या भागांवर जेवढी चर्चा होते त्याच्या पावपटही या विषयावर होत नाही. आडवाटेवर वेग कमी असतो हे खरे, पण मदत तासांच्या अंतरावर असते आणि त्यामुळे घोट्याचे साधे हाड मोडणेही गंभीर ठरते. पहिला खर्च बुटांवर करावा. नडगीपर्यंत उंच, घोटा बाजूला वळू न देणारे ऑफरोडचे बूट आणि गुडघ्याचे कडक संरक्षक हे हेल्मेटइतकेच अनिवार्य समजावेत.

दोघांनीही सफरीआधी प्रथमोपचाराचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे. पुस्तक वाचून जोरदार रक्तस्राव थांबवता येत नाही. त्यासाठी हाताने दाब देण्याचा आणि पट्टी आवळण्याचा सराव लागतो. प्रथमोपचाराची पिशवी दोघांकडे एकाच जागी, वरच, असावी. ज्याला लागले आहे त्याच्याच सामानाच्या तळाशी पिशवी सापडायची वेळ येऊ नये. रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे आणि घरचा क्रमांक लिहिलेले कार्ड जॅकेटच्या ठरलेल्या खिशात ठेवावे.

मोबाइलला नेटवर्क नसेल तिथे उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र उपयोगी पडते. त्याची मासिक वर्गणी निघण्याआधी सुरू करून, घरी एक चाचणी संदेश पाठवून खात्री करावी. मात्र काही देशांत असे यंत्र परवानगीशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे, तेव्हा ज्या भागातून जाणार तिथला कायदा आधी पाहावा. यंत्र अंगावरच्या जॅकेटला अडकवावे. गाडीला लावले आणि गाडी दरीत गेली, तर यंत्रही तिच्याबरोबर जाते.

घरी एका व्यक्तीकडे रोजचा ट्रॅक, मुक्कामाची अपेक्षित जागा आणि एक ठरलेली वेळ द्यावी. त्या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला फोन करायचा, हेही लिहून द्यावे. ‘काळजी करू नका, जमेल तसे कळवू’ असे सांगून निघणे म्हणजे शोध केव्हा सुरू करायचा हा निर्णय घरच्यांवर ढकलणे होय. दोघांमध्येही एक नियम पक्का करावा : फाट्यावर पुढच्याने थांबायचे आणि मागच्याचा दिवा दिसल्याखेरीज वळायचे नाही.

जाता जाता फोनविषयी. मोटारसायकलच्या इंजिनाच्या जोरदार कंपनांमुळे फोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असे ॲपल कंपनीने २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केले होते. एका सिलिंडरच्या गाडीवर फोन लावायचाच असेल, तर कंपने शोषणारा माउंट घ्यावा, आणि शक्य असल्यास नकाशासाठी जुना, दुय्यम फोन वापरून मुख्य फोन खिशात ठेवावा.

पानापक्कड

त्या नदीविषयी राहिलेले लिहितो, कारण पूल नाही म्हणजे गाडी पाण्यात घालायचीच आहे. आधी चालत जाऊन पाहावे. बूट घालूनच जावे, तळाचे दगड पायाला कळतात. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा ओढीने पाय सरकत असेल, तर गाडी घालू नये. बर्फाच्या पाण्यावर वाहणारी नदी असेल, तर दिवसाच्या उन्हाने वितळलेले पाणी दुपारनंतर वाढते. सकाळी तीच नदी उथळ असते. तेव्हा आदल्या दिवशी संध्याकाळी पोहोचलात, तर पाण्यापासून दूर, उंचावर मुक्काम करून सकाळी पाहावे. पार करताना पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये, थ्रॉटल एकसारखा ठेवून, नजर पलीकडच्या काठावर ठेवून जावे. एकाने चालवावे आणि दुसऱ्याने प्रवाहाच्या खालच्या बाजूला न राहता वरच्या बाजूला गाडीला हात देत चालावे, म्हणजे गाडी कलंडली तर ती त्याच्या अंगावर येणार नाही.

गाडी पाण्यात पडली आणि एअर बॉक्स, म्हणजे एअर फिल्टरची पेटी, बुडाला, तर लगेच किल स्विचने इंजिन बंद करावे आणि नंतर स्टार्टरला अजिबात हात लावू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर ते दाबले जात नाही. स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि सफर तिथेच संपते. गाडी काठावर आणून स्पार्क प्लग काढावा, एअर फिल्टर काढून पिळावा, एअर बॉक्सच्या तळाची नळी उघडून पाणी सोडावे, आणि प्लगच्या भोकापासून तोंड दूर ठेवून इंजिन फिरवावे, म्हणजे आतले पाणी फवाऱ्यासारखे बाहेर पडते. ते थांबल्यावर प्लग पुसून बसवावा. म्हणूनच प्लगचा पाना आणि एक जादा प्लग हत्यारांच्या पिशवीत वरच ठेवा. सुरू करण्याआधी इंजिन ऑइलची काच पाहा; तेल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी मिसळले आहे, आणि तेल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये. जादा लिटरभर ऑइल त्या तुकड्यासाठी पेट्रोलच्या डब्याशेजारी बांधून घेतलेत, तर हे काम नदीकाठीच होईल.